परदेशात शिकवायचं, पुढे मोठ्यांना प्रशिक्षण द्यायचं: त्यासाठी कोणता कोर्स करू?

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्त्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका खासगी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान आणि गणित शिकवतात. मराठी माध्यमातून शिक्षण, भौतिकशास्त्रात बी.एस्सी., त्यावर बी.एड., दहा-बारा वर्षांचा अनुभव, वय छत्तीस, मुलगी चौथीत. त्यांना काही वर्षं परदेशात शिकवायचं आहे आणि पुढे मोठ्या माणसांच्या प्रशिक्षणाच्या कामात जायचं आहे. कोणता कोर्स करू, कोणता देश निवडू आणि आता उशीर झाला का, असं त्यांनी विचारलं आहे.

मीही मराठी माध्यमाचीच. सातारा जिल्ह्यातली हायस्कूलची नोकरी, मग पुण्यातली केंब्रिज अभ्यासक्रमाची शाळा, मस्कत, दुबई आणि नंतर केनिया-टांझानियात शिक्षक प्रशिक्षण, असा माझा प्रवास झाला. खाली लिहिते ते या वाटेवरून जे कळलं त्याच्या आधाराने. प्रत्येक देशाचे व्हिसाचे आणि पात्रतेचे नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज करण्याच्या दिवशी त्या त्या सरकारी संकेतस्थळावर काय लिहिलं आहे तेच अंतिम धरा. घरची परिस्थिती, कर्ज, सासर-माहेरची आजारपणं, नवऱ्याची नोकरी यांवर बरंच ठरतं आणि ते फक्त तुम्हालाच माहीत आहे.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला त्यांच्या मुळाशी एकच अडचण दिसते. तुमच्या गावात तुमचं शिकवणं सगळ्यांना माहीत आहे. मुख्याध्यापकांना माहीत आहे, पालकांना माहीत आहे, दहावीचा निकाल लागला की तालुक्याला कळतं. परदेशातल्या शाळेच्या प्राचार्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं. त्यांच्यापुढे तुमच्यासारखे शेकडो अर्ज असतात आणि बहुतेकांत बी.एड. आणि दहा वर्षांचा अनुभव लिहिलेलाच असतो. म्हणून खरा प्रश्न कोर्सचा नाही. तुम्ही चांगलं शिकवता हे एका अनोळखी माणसाला तुम्ही कशावरून पटवणार, हा आहे. प्रौढ प्रशिक्षणात तर हाच प्रश्न दुप्पट कडक होतो, कारण तिथे तुमच्या बाजूने बोलायला बोर्डाचा निकालसुद्धा नसतो.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये वार्की फाउंडेशनचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. रक्कम दहा लाख डॉलर, आणि त्यातली अर्धी त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. बक्षिसाचं आपण सगळ्यांनी कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण शिक्षक म्हणून माझं लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे गेलं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याचं त्यांचं काम लंडनमध्ये बसलेल्या माणसालाही तपासून बघता येत होतं. काम पाहता येईल अशा रूपात मांडलेलं होतं. तुम्हाला बक्षिसाची गरज नाही, अशा मांडणीची मात्र नक्की आहे.

तर पहिलं काम, अगदी या सत्रापासून: एका घटकाची पूर्ण फाइल तयार करा. समजा दहावीचा 'भिंगे' किंवा नववीचा 'गतीचे नियम'. त्यात पाठ टाचण, मुलांना दिलेला प्रश्नसंच, तीन-चार मुलांच्या वह्यांची पानं (नावं झाकून), घटक चाचणीत कुठे चुका झाल्या त्याची नोंद, आणि त्या चुका बघून पुढच्या तासात तुम्ही काय बदललंत ते अर्ध्या पानात. शेवटचं अर्धं पान सगळ्यात महत्त्वाचं. सुंदर टाचण कोणीही कुठूनही उतरवून आणू शकतो. मुलाची चूक वाचून तास बदलणं हे फक्त खऱ्या शिक्षकाला जमतं आणि मुलाखत घेणाऱ्याला ते लगेच ओळखू येतं. याच घटकाचा वीस मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढा. मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी घ्या आणि कॅमेरा मागच्या बाकावर ठेवा, म्हणजे मुलांचे चेहरे येणार नाहीत.

व्हिडिओ स्वतः बघताना एकच मोजा: प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात हे वर्गावर्गांतून मोजलं होतं. शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मुलाखतीत नमुना पाठ घेताना उमेदवार घाबरलेला असतो, म्हणून तो भराभर बोलतो. मी दुबईत निवड समितीवर बसत असे तेव्हा प्रश्न विचारून शांत उभा राहणारा उमेदवार मला चटकन लक्षात राहत असे.

इंग्रजीबद्दल तुम्ही स्पष्ट लिहिलं नाही, पण 'मराठी माध्यमातून' हे दोनदा लिहिलंय, त्यामुळे भीती कळते. वर्गात लागणारं इंग्रजी मर्यादित असतं: सूचना देणं, प्रश्न विचारणं, मुलाचं उत्तर त्याच्याच शब्दांत परत सांगणं, शिस्तीची चार वाक्यं, पालकांना ईमेल. विषयातल्या संज्ञा तर तुम्हाला बी.एस्सी.पासून इंग्रजीतच येतात. सहा-आठ महिने रोज एक तास इंग्रजीत मोठ्याने शिकवण्याचा सराव केलात, घरी भिंतीसमोर का होईना, तर फरक पडतो. आयईएलटीएस वगैरे परीक्षा जिथे मागितली आहे तिथेच द्या. त्यांच्या गुणपत्रकांची मुदत दोनच वर्षं धरली जाते, उगाच आधी देऊन ठेवू नका.

आता देश. माझ्या मते तुमच्यासाठी पहिली पायरी परदेश नाहीच, पुणे किंवा मुंबई आहे. तिथल्या केंब्रिज किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळेत दोन वर्षं काढा. परदेशात असतो तोच अभ्यासक्रम, तशीच मूल्यमापन पद्धत, इंग्रजीतून शिकवण्याचा पुरावा आणि परदेशी पद्धतीचं शिफारसपत्र, हे सगळं घर न मोडता मिळतं. मी हेच केलं आणि मस्कतच्या मुलाखतीत माझ्या साताऱ्याच्या वर्षांपेक्षा पुण्याच्या वर्षांबद्दल जास्त विचारलं गेलं. सध्याची नोकरी अनुदानित आणि कायम असेल, तर मात्र राजीनाम्याआधी बिनपगारी रजेचा पर्याय संस्थेकडे लेखी विचारा. कायम पद सोडणं सोपं असतं, परत मिळणं जवळजवळ अशक्य.

आखाती देश ही आपल्या शिक्षकांची जुनी वाट आहे. भारताबाहेर सीबीएसईच्या दोनशेहून अधिक शाळा आहेत आणि त्यातल्या बऱ्याच आखातात. तिथे अभ्यासक्रम ओळखीचा, सहकारी भारतीय, मुलीच्या शाळेचाही प्रश्न सुटतो. मात्र पगार ब्रिटिश किंवा अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा कमी असतो आणि वर्ग मोठे असतात. दुबईत खासगी शाळांवर केएचडीए या नियामक संस्थेची देखरेख असते, अबू धाबीत अॅडेकची. तुमच्या कागदपत्रांना त्यांची मान्यता मिळेल का, हे शाळेला नेमणुकीआधीच विचारा. बी.एड. दूरशिक्षणाने झालं असेल तर ते लपवू नका, आधी सांगा आणि लेखी उत्तर घ्या. विमानात बसल्यावर कळण्यापेक्षा सोलापुरात कळलेलं बरं.

इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना तिथल्या शिक्षकी पात्रतेसाठी, म्हणजे क्यूटीएससाठी, थेट अर्ज करण्याची सोय केली. भारतीयांसाठी ती ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांपुरती होती आणि अर्जाला शुल्क नव्हतं. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची तिथे कित्येक वर्षं टंचाई आहे, म्हणून तुम्ही हे दार नक्की ठोठवा. पण पात्रता मिळाली म्हणजे नोकरी आणि व्हिसा मिळाला असं नाही. व्हिसासाठी प्रायोजकत्व देणारी शाळा स्वतंत्रपणे शोधावी लागते आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

अमेरिकेच्या जे-१ या देवाणघेवाण व्हिसावर किमान दोन वर्षांचा अनुभव असलेले शिक्षक तीन वर्षांसाठी जातात, मुदत वाढली तर पाच, आणि मग परतायचं असतं. आपली तीन वर्षांची पदवी एकटी तिथल्या चार वर्षांच्या पदवीएवढी धरतीलच असं नाही, त्यामुळे पदवीचं मूल्यांकन बी.एड. जोडून करून घ्यावं लागतं. माझा स्वतःचा या वाटेचा अनुभव नाही, म्हणून इथेच थांबते.

कागदपत्रांना मात्र आजच हात घाला, कारण त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र चालत नाही, दीक्षांताचं मूळ प्रमाणपत्र विद्यापीठातून काढा. बी.एस्सी. आणि बी.एड. दोन्हींचं राज्य पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय. पुढची पायरी देशावर अवलंबून. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे (एका देशाच्या कागदपत्रांवरचा एकच सरकारी शिक्का दुसऱ्या देशाने मान्य करण्याचा करार), त्या करारातल्या देशांना परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं. संयुक्त अरब अमिरातीसाठी दूतावासाचं साक्षांकन वेगळं लागत आलं आहे. नाव सगळीकडे एकसारखं आहे ना ते बघा. लग्नाआधीचं आडनाव पदवीवर आणि लग्नानंतरचं पासपोर्टवर, यात आपल्याकडच्या शिक्षिका हमखास अडकतात. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद आधीच तयार ठेवा. अनुभव प्रमाणपत्रावर नुसतं 'समाधानकारक काम केले' नको. कोणत्या तारखेपासून, कोणत्या इयत्ता, कोणते विषय, पूर्णवेळ की अर्धवेळ, हे इंग्रजीत लिहून घ्या.

एजंटबद्दल एवढंच: भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणी असलेल्याच एजंटाकडे जा. त्याला तुमच्याकडून सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. दीड-दोन लाख मागणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. करार वाचताना एकूण आकड्यापेक्षा मूळ पगार बघा. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराएवढी असते, म्हणजे मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवले की शेवटी तुमचंच नुकसान. घर, वैद्यकीय विमा, मुलीची फी आणि वर्षाचं विमान तिकीट, या चार गोष्टी करारात लेखी असल्या पाहिजेत. फोनवर दिलेलं आश्वासन धरू नका.

आता तुमच्या प्रश्नाचा मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग: मोठ्यांना शिकवणं. शाळेत वीस वर्षं शिकवलं की माणूस आपोआप प्रशिक्षक होतो, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो खरा नाही. हे वेगळं कसब आहे आणि ते वेगळं शिकावं लागतं.

माल्कम नोल्स या अमेरिकन अभ्यासकाने प्रौढांच्या शिकण्याबद्दल मांडलेली गृहीतकं या क्षेत्रात सगळे वाचतात. मोठ्या माणसाला आधी 'हे मी का शिकू' याचं उत्तर हवं असतं, तो आपला अनुभव बरोबर घेऊन येतो, आणि उद्याच्या कामात उपयोगी पडेल तेच टिकवतो. हे सगळं खरं आहे. पण प्रत्यक्षात काम करताना मला त्याहून मोठी वाटलेली गोष्ट म्हणजे मोठ्या माणसाला गमावण्यासारखं खूप असतं. आठवीतल्या मुलाचं उत्तर चुकलं तर मधल्या सुट्टीपर्यंत तो विसरतो. पन्नाशीच्या मुख्याध्यापकाचं उत्तर त्याच्याच शाळेतल्या तरुण शिक्षकांसमोर चुकलं, तर तो पुढचे तीन दिवस तोंड उघडत नाही आणि त्याच्याबरोबर अर्धी खोली गप्प होते.

मग चूक तशीच सोडायची का? अजिबात नाही. तो मुख्याध्यापक ती चूक परत जाऊन शंभर मुलांना शिकवणार असतो. मी काय करते ते सांगते. विजेच्या परिपथाचा घटक असेल तर एक सेल आणि दोन बल्ब पुढे ठेवते. एकसर जोडणीत एक बल्ब काढला तर दुसऱ्याचं काय होईल आणि समांतर जोडणीत काय होईल, हे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या गोळा करून फळ्यावर नुसती मोजणी लिहायची: इतक्या जणांना विझेल वाटतं, इतक्यांना वाटत नाही. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं चर्चा, आणि मग जोडणी करून बघायची. उत्तर बल्ब देतो. कोण चुकलं होतं हे कोणालाच कळत नाही आणि बरोबर काय ते सगळ्यांना कळतं. दुसऱ्या फेरीला तेच मुख्याध्यापक तारा हातात घेऊन पुढे येतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

केनियात हे काम करताना आपल्या खेड्यातल्या शाळेचा अनुभव किती मोलाचा आहे ते कळलं. तिथे जपानच्या जायका या संस्थेच्या मदतीने १९९८ पासून गणित-विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. कृती, विद्यार्थी, प्रयोग आणि हाताशी असेल त्यातून साधन बनवणं यांवर त्याचा भर होता. त्या शिक्षकांसमोर युरोपातल्या प्रयोगशाळेचे फोटो दाखवून काही साधत नाही. साठ मुलांच्या वर्गात, एका तुटक्या तराजूवर तुम्ही काय केलंत ते सांगितलंत की ते खुर्ची पुढे ओढतात. आपल्याकडे अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून टाकाऊ वस्तूंपासूनची विज्ञान खेळणी घराघरात नेली. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या मी आफ्रिकेतल्या कित्येक शिबिरांत नेल्या आहेत. तुम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या शाळेत कमी साधनांत जे करता, ते अर्जात अडचण म्हणून लिहू नका. ती तुमची पात्रता आहे.

मोजमापाबद्दलही सांगते, कारण मुलाखतीत विचारतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या: सहभागींना कसं वाटलं, ते काय शिकले, कामात काय बदललं आणि संस्थेला काय फळ मिळालं. आपली बहुतेक शिबिरं पहिल्या पातळीवर संपतात. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म, 'छान झाले, जेवण उत्तम', सह्या, प्रमाणपत्र, गट फोटो. मी कामाच्या प्रस्तावातच सहा-आठ आठवड्यांनी वर्गभेटीचा खर्च लिहिते. पैसे देणारे कधी कधी कुरकुर करतात. पण शिक्षक परत जाऊन वर्गात काय करतो हे न पाहता 'प्रशिक्षण यशस्वी' असं लिहायला माझा हात धजत नाही, आणि पुढची कामं मला याच भेटींच्या अहवालांवरून मिळत गेली.

याची सुरुवात तुम्ही आत्ताच करू शकता. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तास मागून घ्या. तालुक्याच्या प्रशिक्षणात सुलभक किंवा तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून नाव द्या. शाळेत नवीन लागलेल्या शिक्षकाचे तास बघा आणि त्याला लेखी अभिप्राय द्या. हे सगळं प्रौढ प्रशिक्षणच आहे, फक्त आपण ते कधी अनुभव म्हणून लिहीत नाही. तारीख, विषय, किती शिक्षक, नंतर वर्गात काय बदललं, अशी प्रत्येक वेळची नोंद ठेवा. परदेशातल्या शाळेतही हाच क्रम ठेवा: पहिलं वर्ष स्वतःचा वर्ग, मग नव्या सहकाऱ्यांना मदत, मग विभागाचं अंतर्गत प्रशिक्षण. मला शिक्षक प्रशिक्षणाचं पहिलं काम जाहिरातीतून मिळालं नाही. मस्कतच्या शाळेत नव्याने आलेल्यांना मी आठवड्यातून एकदा बसवून घेत असे, त्यातल्याच एकीने पुढे माझं नाव सुचवलं.

आणि हो, कोर्स. सेल्टा हा केंब्रिजचा अभ्यासक्रम चांगला आहे, सुमारे १२० तासांचा, त्यात सहा तास निरीक्षणाखाली प्रत्यक्ष शिकवावं लागतं. पण तो प्रौढांना इंग्रजी शिकवण्यासाठी आहे. तुम्हाला इंग्रजी शिकवायचं नसेल तर करू नका. शनिवार-रविवारात ऑनलाइन मिळणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय शिक्षक' प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नका. ज्यात कोणी तुमचा तास बघितला नाही, त्याला निवड समितीत किंमत नसते. आयबी किंवा केंब्रिज शाळेत लागलात तर ती शाळाच त्यांच्या कार्यशाळांना पाठवते, ते पुरेसं आहे. एम.एड. शिक्षक प्रशिक्षणात पुढे उपयोगी पडतं, पण पहिल्या नोकरीसाठी थांबून करू नका. कंपन्यांमधल्या प्रशिक्षणाकडे थेट उडी मारण्याचा सल्ला मी देणार नाही. तिथे तुमची दहा वर्षं शून्य धरली जातात, शिक्षक प्रशिक्षणात तीच भांडवल ठरतात.

वयाचं म्हणाल तर छत्तीस हे या कामाला उलट चांगलं वय आहे. पंचविशीतल्या प्रशिक्षकाचं पन्नाशीचे शिक्षक ऐकून घेतात, पण स्वतःच्या अडचणी त्याच्यापुढे मांडत नाहीत. घड्याळ मुलीचं आहे, तुमचं नाही. ती आता चौथीत आहे. पाचवी ते सातवीत शाळा आणि माध्यम बदलणं मुलांना झेपतं; नववी-दहावीत बोर्ड बदलणं फार जड जातं. म्हणून पुण्याची दोन वर्षं लगेच सुरू करा आणि परदेशाचा निर्णय ती सातवीत जाईपर्यंत घ्या. निर्णय 'नाही' असा झाला तरी तोवर तुमच्याकडे इंग्रजीतून शिकवण्याचा अनुभव आणि शिक्षक प्रशिक्षणाच्या नोंदी असतील, आणि पुण्या-मुंबईत त्यावर काम मिळतं.

बी.एड. नियमित होतं की दूरशिक्षणाने, आणि सध्याचं पद अनुदानित आहे का, एवढं कळवा. त्यावरून आधी इंग्लंडचा अर्ज करायचा की आखाताचा, ते नेमकं सांगता येईल.